पनीर टिक्का आणि पुराचं गाणं

काका, नमस्कार.

आम्ही पाच जण मिळून सांगलीत बँड चालवतो. मी गातो आणि गाणी लिहितो. बाकी गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स. शनिवार-रविवार शहराबाहेरच्या एका गार्डन हॉटेलात वाजवतो. लग्नसराईत हळदी-संगीताच्या सुपाऱ्या, गणपतीत एखाद-दुसरं मंडळ. हॉटेल रात्रीचे ८ हजार देतं. टेम्पो आणि साउंडचे २ हजार गेले की प्रत्येकाच्या हातात १२०० पडतात.

आमची स्वतःची नऊ गाणी तयार आहेत. गेल्या महिन्यात हॉटेलात त्यातली तीन सलग घेतली. दुसरं चालू असतानाच मॅनेजरनं वेटरच्या हाती चिठ्ठी पाठवली, 'ओळखीचं घ्या'. तिसरं माझं सगळ्यात आवडतं, २०१९च्या महापुरावरचं. त्याला एक टाळी पडली नाही. परत येताना टेम्पोत भांडण झालं. गिटारवाला म्हणतो, दुसऱ्याची गाणी वाजवणं म्हणजे हमाली, बीटल्सनी कधी असली कामं केली का? ड्रमर म्हणतो, माझ्या ड्रमसेटचा हप्ता बीटल्स भरणार आहेत का? आणि आपली गाणी आपल्या आयांशिवाय कुणाला पाठ आहेत? दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या शनिवारी वाजवायला किती जण येतील, मला माहीत नाही.

आपली गाणी वाजवायची की लोकांची? पुराच्या गाण्याचे शब्द आणि रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय.

ता.क. हॉटेलवाला पैसे दोन-दोन महिने लटकवतो.

— मुखडा सापडेना, विश्रामबाग, सांगली


मुखड्या,

आधी त्या मॅनेजरची बाजू घेतो, राग मानू नकोस. शनिवारी रात्री त्या लॉनवर कोण बसलेलं असतं? एका टेबलावर आजोबांची पंचाहत्तरी आहे. दुसऱ्यावर मुलीकडचे आणि मुलाकडचे पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसलेत आणि एकमेकांना 'घ्या हो, अजून एक रोटी घ्या' चाललंय. कोपऱ्यात मार्केट यार्डातले चौघे हळदीचे सौदे आटपून शर्टाचं वरचं बटण सोडून बसलेत. यातलं कुणीही तुला ऐकायला आलेलं नाही. ती संध्याकाळ त्यांची आहे, बिल ते भरणार आहेत आणि त्या बिलातूनच तुझे ८ हजार निघणार आहेत. अशा ठिकाणी लागोपाठ तीन अनोळखी गाणी, आणि त्यातलं शेवटचं पुराचं! केकवर मेणबत्त्या लागत असताना घरात शिरलेलं पाणी कुणाला आठवायचंय? तिथल्या कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर अजून त्या पाण्याची रेघ असेल. टाळी पडली नाही यात नवल काहीच नाही, आणि त्यावरून गाणं वाईट आहे असंही ठरत नाही.

आपली की लोकांची, हे बँडनं एकदा बसून कायमचं ठरवायचं नसतंच. दर सुपारीला विचारायचं, ही संध्याकाळ कोणाची? हळद असेल तर नवरा-नवरीची. मंडळ असेल तर गल्लीची. हॉटेल असेल तर जेवणाऱ्यांची. तिथं त्यांची गाणी, मनापासून आणि तोंड वाकडं न करता. आणि वर्षातल्या काही संध्याकाळी तुमच्या असल्या पाहिजेत, तिथं तुमची. तुमचं सध्या दुखणं एवढंच आहे की तुमची स्वतःची एकही संध्याकाळ नाही, म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या पंचाहत्तरीत ती शोधताय.

'सांगलीच्या लोकांना नवं चालतच नाही' असं मला कुणी सांगू नये. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरसाच्या वेळी किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. तिथं मांडी घालून ऐकणाऱ्यांत तुझ्या हॉटेलात वेटरच्या हाती फर्माईश पाठवणारेही सापडतील. पण दर्ग्यात विलंबित ख्याल चालू असताना कुणी 'जरा नाचाचं होऊ द्या' म्हणत नाही. माणूस तोच. फक्त आज गाणं ऐकायचं, असं घरातूनच ठरवून आलेला.

आता तुझ्या गिटारवाल्याच्या बीटल्सकडे. केली, बाबा, त्यांनी असली कामं भरपूर केली. १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांत ते रात्री तासन्‌तास वाजवत, आणि त्यात बहुतेक गाणी दुसऱ्यांची, अमेरिकेतून आलेली. १९६३मध्ये पहिला अल्बम निघाला, त्यात १४ गाणी. त्यातली ६ दुसऱ्यांचीच. हमाली म्हणायची तर ती त्यांनी आधी केली, मग मिरवले.

आणि लिव्हरपूलपर्यंत जायचं तरी कशाला? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते बघून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. त्यातून १८४३ला 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. खेळाची पद्धत लोकांनी पाहिलेली, गोष्ट रामायणातली म्हणजे तोंडपाठ. नवं काय होतं, तर भाषा आणि मांडणी. (तुमच्या हॉटेलमालकाला मात्र चिंतामणराव समजू नका. त्याला टेबलं रिकामी करून पुन्हा भरायची असतात.) पुढं संगीत नाटकवाल्यांनीही तेच केलं. जुन्या नाटकाचं छापील पुस्तक उघड, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या कुठल्या तरी पदाची, लावणीची नाहीतर ठुमरीची ओळ दिलेली दिसेल. शब्द नवे, चाल लोकांच्या कानातली. 'संगीत शारदा' लिहिणारे देवल तर आपल्या हरिपूरचे, तुझ्या घरापासून सायकलवर जाता येईल इतके जवळचे. त्या मंडळींना कुणी नकलाकार म्हणत नाही.

यातनं तुझ्या कामाचं ते घे: नव्या गाण्यात ऐकणाऱ्याला पाय ठेवायला एक तरी ओळखीची जागा लागते. चाल ओळखीची नसेल तर ठेका ओळखीचा हवा. ठेकाही नवा असेल तर निदान शब्द तरी त्याच्या तोंडातले हवेत. तिन्ही अनोळखी असतील तर तो वेटरला हाक मारतो.

तुझं पुराचं गाणं याच नजरेनं ऐकलं. मुखडा असा आहे:

'कृष्णेच्या उदास ओठांवर कुणाचे श्वास थांबले.'

स्पष्टच सांगतो, यात सांगलीही नाही आणि पूरही नाही. नदीला ओठ कुठून आले? हे वाचायच्या कवितेत कदाचित खपेल, पण स्पीकरमधून लॉनवर पोचेपर्यंत त्याचं काहीच उरत नाही. मात्र दुसऱ्या अंतऱ्यात, जिथं तू स्वतःला विसरलास, तिथं ही ओळ आहे:

'आयर्विनला किती फूट? फोनवर फोन, कुणी सांगेना खरं.'

अरे, हा आहे तुझा मुखडा! तो तुझ्याकडंच पडलाय. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की आयर्विन पुलापाशी कृष्णा किती चढली, हा एकच प्रश्न सबंध गाव विचारतं. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत काय चाललंय, आयर्विनला किती फूट. हे शब्द लोकांच्या तोंडात आधीच आहेत, तू फक्त त्यांना सूर द्यायचाय. तू प्रश्न विचार, 'आयर्विनला किती फूट?', आणि बाकीच्यांनी झील धरून आकडा सांगावा. एकोणचाळीस. पुढच्या फेरीला बेचाळीस. मग पंचेचाळीस. दर आकड्याला ड्रमरनं एक-एक वाद्य वाढवत न्यावं, आणि ड्रमसेटच्या जोडीला एक हलगीवाला बसवता आला तर फारच उत्तम. आपल्या भागात हलगी कडाडली की म्हातारा माणूससुद्धा मान वळवतो. पन्नासच्या पुढं गेलात की सगळं एकदम थांबवा आणि तिथं तुझा तो संथ अंतरा येऊ दे, आईनं गव्हाचं पोतं माळ्यावर चढवल्याचा. तो चांगला लिहिलायस. आत्ता तो पहिल्या मिनिटालाच येतो आणि वाया जातो.

एवढं करूनही हे गाणं हॉटेलात वाजवू नकोस. ते तुमच्या स्वतःच्या संध्याकाळचं गाणं आहे.

मग हॉटेलात आपलं काहीच नाही का? आहे, पण ते भाड्याच्या घरात खिळा ठोकल्यासारखं ठोकायचं: जागा बघून, एखादाच, आणि प्लास्टर न पाडता. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, म्हणजे तुम्हाला सातपासून दहापर्यंत वेळ. मधल्या दोन विश्रांत्या धरून तीसेक गाणी होत असतील. त्यात दोन तुमची. नऊ गाण्यांपैकी एकच मी ऐकलंय, बाकी आठांत मध्यम लयीचं, हलकंफुलकं एखादं असेलच. सुरुवातीला नको, लोक अजून गाडी लावताहेत आणि मेनू चाळताहेत. शेवटी नको, तेव्हा बिल आणि बडीशेप. सगळ्यात हिट गाण्याच्या पाठोपाठ तर अजिबात नको, त्या उजेडात कुणीही फिकं पडेल. दुसऱ्या भागातलं तिसरं गाणं ही माझी आवडती जागा. पोटात काहीतरी गेलेलं असतं, आवाज कानाला बसलेला असतो. आधीचं ओळखीचं गाणं त्याच पट्टीतलं आणि त्याच लयीचं निवड. ते संपताना ड्रमरनं ठेका सोडायचा नाही, तो चालूच ठेवायचा आणि त्याच ठेक्यावर तुमचं गाणं सुरू.

आणि घोषणा करू नकोस. 'आता आम्ही आमचं स्वतःचं एक गाणं सादर करतोय, तुमचे आशीर्वाद असू द्या' हे वाक्य ऐकलं की लोक फोन काढतात. आशीर्वाद मागितले की माणूस परीक्षक होतो. गाणं संपू दे. टाळी पडली, एखाद्यानं मान हलवली, तर तेव्हा म्हण, 'हे आमचं होतं.' बास. पुढचं घे.

एखाद्या मित्राला कोपऱ्यातल्या टेबलावर बसव आणि त्याला एकच काम दे: तुमचं गाणं लागल्यावर लोक काय करतात ते बघायचं. तुम्हाला स्टेजवरून काही कळत नाही, डोळ्यांवर लाइट असतो. चमचा हातात थांबला का? बोलणं वाढलं की कमी झालं? वेटरला हाका कधी सुरू झाल्या, मुखड्याला की अंतऱ्याला? अंतऱ्याला झाल्या असतील तर अंतरा लांबलाय, कापा. आणि लहान पोरांकडं त्यानं खास लक्ष ठेवावं. पाच-सहा वर्षांचं पोर खुर्चीवरून उतरून हिरवळीवर नाचायला लागलं तर तुमचा ठेका पक्का आहे. त्याला भीड नसते, त्याला ओरिजिनल-कव्हर काही कळत नाही.

तेच गाणं दर शनिवारी त्याच जागी वाजवा, सहा महिने. हॉटेलात पुन्हा-पुन्हा येणारी घरं असतात. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांना ते ओळखीचं वाटायला लागेल, कुठं ऐकलंय ते आठवणारही नाही. मग एखाद्या शनिवारी ते मुद्दाम गाळा. कुणी विचारलं, 'ते त्यादिवशीचं नाही घेतलं आज?', तर मॅनेजरला तिथंच बोलावून घे आणि त्याच्या कानावर पडू दे.

आता दुसऱ्यांच्या गाण्यांबद्दल. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. तेव्हा पोस्टरवर 'व्हॉइस ऑफ' अमुक, 'व्हॉइस ऑफ' तमुक असायचं आणि गाणं रेकॉर्डबरहुकूम आलं पाहिजे ही अट. व्हायोलिनचा तुकडा मी कॅसिओवर जसाच्या तसा वाजवला की पुढच्या रांगेतून शिट्टी यायची. त्याला कारण होतं. उघड्यावर, मोठ्या आवाजात, समोर माणूस गाताना ऐकायला तेव्हा गावोगाव दुसरी सोय नव्हती. आज ते गाणं प्रत्येकाच्या खिशात आहे. हुबेहूबपणाला आता फक्त हळदी-संगीतात भाव उरलाय, कारण तिथं लोकांनी नाच बसवलेला असतो आणि एक मात्रा इकडची तिकडं झाली की नवरीच्या मावश्या अडखळतात. तिथं मुकाट रेकॉर्डप्रमाणे वाजवा. हॉटेलात मात्र जुन्या गाण्याला तुमचा हात लागू दे. लय उतरवा, एखादं गाणं नुसतं बेस आणि आवाजावर घ्या. मुखडा मात्र मोडायचा नाही, लोक त्याला धरून असतात. अंतऱ्यात आणि मधल्या तुकड्यांत खेळा. माझ्या मते बँडचा स्वभाव स्वतःच्या गाण्याइतकाच इथंही कळतो. निम्म्या बँडांची स्वतःची गाणी तरी कुठं त्यांची असतात, गेल्या वर्षीच्या हिटचीच सावली असते ती.

तुझा ड्रमर पैशाचं बोलतो ते खरं आहे, पण अर्धंच. तुम्ही फक्त लोकांचीच गाणी वाजवलीत, तर तुमच्यात आणि पुढच्या बँडमध्ये फरक उरतो तो दराचा. उद्या एक पोरगा लॅपटॉप, मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज काढलेलं संगीत) आणि दोन स्पीकर घेऊन ३ हजारांत येईल. मॅनेजर त्याला घेईल आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतला असता. तमाशाच्या फडांकडं बघ. गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे फडाचं स्वतःचं नाटक. रंगबाजीत सिनेमाची गाणी असतात, जत्रेतली पोरं त्यावरच टोप्या उडवतात. पण अमुक फडाचा अमुक वग, असं म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलं ते वगामुळं. पुढं रंगबाजी लांबत गेली, वग आखडत गेला, आणि मग या फडाला जायचं की त्या, याला कारणच उरेना. तमाशाचे शाहीर पट्ठे बापूराव रेठऱ्याचे, शाहीर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, दोघं आपल्या वाळवा तालुक्यातले. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

कायद्याचं थोडं, कारण याबाबत बँडवाले एकतर घाबरून असतात नाहीतर बेफिकीर. दुसऱ्याचं गाणं हॉटेलात वाजवायला शब्द आणि संगीताचा परवाना लागतो. आपल्याकडं तो आयपीआरएस देते, १९६९ पासूनची गीतकार-संगीतकारांची संस्था. परवाना काढणं सहसा हॉटेलचं किंवा आयोजकाचं काम, पण ते त्यांनी केलंय की नाही, हे सुपारी घेताना लेखी विचारून ठेवा. मूळ ध्वनिमुद्रण किंवा त्याचा ट्रॅक वाजवलात तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे. लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे घरगुती समारंभ यांना १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सूट दिलेली आहे, त्यामुळे हळदीला उगाच धास्ती नको. आणि हॉटेलात वाजवलेल्या कव्हरचं रेकॉर्डिंग करून इंटरनेटवर टाकणं ही पूर्ण निराळी बाब, ते हॉटेलच्या परवान्यात बसत नाही.

तुमच्या नऊ गाण्यांचं मात्र आजच करा. प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे कागदावर लिहून पाचही जणांनी तारखेसह सह्या करा. तुम्ही सध्या भांडलेले आहात, म्हणून तर लवकर करा. मग तू आयपीआरएसचा सभासद हो आणि गाणी नोंदव. एखादा चॅनेलवाला ५ हजार देऊन 'सगळे हक्क कायमचे' असं लिहून मागेल, तेव्हा लक्षात ठेव: २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून देता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. सही करण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखव.

आता तुमची स्वतःची संध्याकाळ. भावे नाट्यमंदिराचं स्वप्न सध्या बाजूला ठेव, रिकाम्या खुर्च्या मनाला फार लागतात. एखाद्या वाचनालयाचा हॉल, शाळेचा हॉल, ओळखीच्या कुणाची मोठी गच्ची, एवढं पुरे. साठ-सत्तर माणसं. हॉटेलच्या दर रात्रीतून ५०० रुपये बाजूला काढा, म्हणजे तुमच्या हातात १२००च्या जागी ११०० पडतील. शनिवार-रविवार मिळून महिन्याचे ४ हजार जमतात, तीन-चार महिन्यांत हॉलचं भाडं आणि साउंड निघतो. ड्रमर याला नाही म्हणणार नाही, कारण कार्यक्रम बुडाला तरी त्याचा हप्ता बुडत नाही. तिकीट ठेवा, १०० रुपये का असेना. फुकट बोलावलेला माणूस साडेआठला 'जरा जाऊन येतो' म्हणतो आणि परत येत नाही. पंच्याहत्तर मिनिटं, विश्रांती नाही, नऊच्या नऊ गाणी. त्यात लोकांच्या ओळखीची दोन गाणी तुमच्या पद्धतीनं बसवून घाला, एक तिसरं आणि एक सातवं. हो, तिथंही. ऐकणाऱ्यालाही मध्ये श्वास घ्यायचा असतो.

पावसाळ्यात करू नका. दिवाळीनंतर, लग्नसराईच्या तारखा लागायच्या आत. हॉटेलात 'ते त्यादिवशीचं' विचारणाऱ्यांना स्वतः जाऊन तिकिटं द्या. आयांना पहिल्या रांगेत बसवू नका, मागं बसवा. पाठ असलेल्या लोकांचा आवाज मागून आला की मधले धीटपणानं म्हणायला लागतात. ड्रमरचं ते वाक्य त्यानं टोमणा म्हणून मारलं असेल, पण ते उपयोगाचं आहे.

भांडणाचं म्हणशील तर त्या दोघांना समोरासमोर बसवून 'तत्त्वाचं काय ते ठरवा' असं करू नकोस. पोरं तत्त्वावर आली की बँड फुटतो. शनिवारची यादी तू एकट्यानं लिही. तीस गाणी, त्यात दोन आपली, कुठली आणि कुठं ते ठळक लिहिलेलं. गिटारवाल्याला पुराच्या गाण्याच्या नव्या मुखड्याचा तुकडा बसवायला दे आणि ड्रमरला आकड्यांची ती चढण. दोघांना एकमेकांशिवाय ते काम पुरं करता येणार नाही. बोलणं आपोआप सुरू होईल, निदान 'तू घाई करतोयस' एवढं तरी.

ता.क.चं उत्तर. दोन महिने पैसे लटकत असतील तर ती चूक तुमच्या पद्धतीत आहे. तारीख घेताना निम्मा इसार, उरलेले वाद्यं टेम्पोत चढायच्या आत. मॅनेजर म्हणेल, आपलं रोजचं आहे, हिशोब महिन्याला करू. तर म्हणावं, करू की, पण महिन्याच्या सुरुवातीला. पुढचा शनिवार त्याला हवा असेल तर मागची बाकी शुक्रवारपर्यंत, हे फोनवर नको, मेसेजवर लिहून कळव. बाकी न मिळता वाजवायला गेलात तर माझ्याकडं पुन्हा पत्र पाठवू नकोस. आणि त्याच मेसेजमध्ये परवान्याचंही विचारून टाक.

— काका